घर मागे राहू द्या: खळ्यात काढलेल्या एका कौटुंबिक फोटोचं प्रकरण

गुहागर तालुक्यातलं चिऱ्याचं घर. मंगलोरी कौलं, पुढे लांबलचक पडवी, पडवीसमोर खळं म्हणजे अंगण, खळ्याच्या कडेला तुळशीवृंदावन, मग गडगा म्हणजे दगडी कुंपण आणि गडग्यापलीकडे पाणंद. गौरी-गणपतीला सगळं कुटुंब जमलं होतं. गौरीपूजनाच्या दिवशी सकाळी सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा आणि तो मोठा करून माजघरात लावायचा, असं ठरलं. प्रिंटचा आकारही आधीच पक्का झाला होता: २४ बाय ३६ इंच. मी फोटोग्राफर, काम माझ्याकडे आलं. कुटुंबाच्या परवानगीने, नावं वगळून, ते सगळं प्रकरण इथे मांडतो आहे.

माणसं तेरा. ऐंशी ओलांडलेल्या आजी. गावीच राहणारा थोरला मुलगा आणि सून. पुण्याचा धाकटा मुलगा, त्याची बायको आणि दोन शाळकरी मुलं. ठाण्याला दिलेली मुलगी, जावई आणि त्यांची लेक. थोरल्यांची लग्नाची मुलगी. थोरल्यांची सून आणि तिच्या कडेवर दोन वर्षांचं बाळ. चौदावा माणूस, म्हणजे बाळाचा बाप, मर्चंट नेव्हीत. तो बोटीवर होता.

आदल्या संध्याकाळी पडवीत बसून बोलणं झालं, तेव्हा दोन मागण्या समोर आल्या. थोरले म्हणाले, "घर नीट दिसलं पाहिजे. मे महिन्यात कौलं उतरवून स्लॅब घालायचा आहे. मग हे रूप परत बघायला मिळायचं नाही." धाकट्यांनी मोबाइल पुढे केला. त्यात एका जोडप्याचा फोटो होता. मागचं सगळं विरघळून गेलेलं, नुसते रंगाचे गोळे. "आम्हाला असं हवं. मागे वायरी, ड्रम, डिश अँटेना दिसली की फोटो साधा वाटतो."

दोघांचंही म्हणणं खरं होतं. थोरल्यांना घर हवं होतं, धाकट्यांना पसारा नको होता. अशा वेळी बहुतेक ठिकाणी "आधी काढू, मग एडिटिंगमध्ये बघू" असं म्हणून विषय मिटवतात. मला ते पटत नाही. मागचं किती दिसावं आणि चेहऱ्यावरचं काय राहावं हे फोटो काढण्याआधी, माणसं समोर असताना ठरायला हवं, कारण ज्यांचा फोटो आहे त्यांना तेव्हाच विचारता येतं.

घोळक्यामागचं ब्लर कुठून येतं

धाकट्यांना आधी एक गोष्ट समजावून सांगावी लागली. मोबाइलमधल्या त्या जोडप्यामागे जे दिसत होतं, ते तेरा माणसांमागे लेन्सने होत नाही. यात कौशल्याचा प्रश्न नाही, प्रकाशशास्त्राचाच आहे.

मागची वस्तू किती विरघळेल हे तीन गोष्टींवर ठरतं: लेन्सचं तोंड किती मोठं उघडलं आहे, समोरचा माणूस कॅमेऱ्यात किती मोठा उमटतो आहे, आणि मागची वस्तू त्याच्यापासून किती लांब आहे. यातली दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. फुलफ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, ८५ मिमीची लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सच्या तोंडाचं माप; आकडा लहान तेवढं तोंड मोठं) एफ १.८ आणि माणसामागे ६ मीटरवर घर असं धरू. एकच माणूस २ मीटरवर उभा केला, तर ३६ इंच रुंदीच्या प्रिंटवर घरातला प्रत्येक बिंदू साधारण ४ सेंटिमीटरच्या चकतीएवढा पसरतो. त्यात कौल कुठलं आणि खांब कुठला, काही कळत नाही. तेच तेरा जणांना फ्रेममध्ये घ्यायला मला १० मीटर मागे जावं लागतं. लेन्स तीच, अ‍ॅपर्चर तेच, घरही तेवढंच मागे. पण आता तोच बिंदू पसरतो जेमतेम ४ मिलिमीटर. दहापट फरक. घर थोडं मऊ होतं, पण घरच राहतं.

म्हणून दहा-पंधरा माणसांच्या ग्रुपमागे जवळचं घर किंवा झाडं पार विरघळलेली दिसली, तर ते ब्लर बहुधा सॉफ्टवेअरने घातलेलं असतं. मोबाइलमध्ये तर सेन्सरच इतका लहान असतो की लेन्सने फारसं काही होत नाही. २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसमध्ये पोर्ट्रेट मोड आला. मोबाइलने माणूस ओळखून मागचं धूसर करायची सवय तेव्हापासून सगळ्यांच्या डोळ्यांना लागली, आणि मागे ब्लर असलं की फोटो भारी अशी समजूत घट्ट झाली.

एफ १.८ ला याहून मोठी अडचण होती ती पुढच्या माणसांची. मुलं जमिनीवर, मोठी खुर्च्यांवर आणि चौघं मागे उभी, अशा तीन ओळी. खुर्चीतल्या चेहऱ्यांपासून मुलांचे चेहरे साधारण ६० सेंटिमीटर पुढे, उभ्यांचे तेवढेच मागे. फोकस आजींच्या डोळ्यांवर धरला तर १० मीटरवर, एफ १.८ ला, त्यांच्यापुढे साधारण ३६ आणि मागे ३९ सेंटिमीटर एवढंच रेखीव राहतं. म्हणजे मुलंही गेली आणि उभी राहिलेलीही गेली.

डेप्थ ऑफ फील्डचे, म्हणजे फोकसच्या पुढेमागे किती अंतर रेखीव राहतं त्याचे, तक्ते वापरणाऱ्यांनी हे आकडे पडताळले, तर त्यांना दुप्पट आकडे दिसतील. ते तक्ते लहान प्रिंट हातभर अंतरावरून बघायचा असं गृहीत धरून केलेले असतात. माजघरातला ३६ इंची फोटो लोक नाक लावून बघतात: हा कोण, ती कोण, बाळाच्या हातात काय आहे. म्हणून तक्त्यात जेवढं रेखीव अंतर दिलेलं असतं त्याच्या निम्मंच मी नेहमी धरतो. गावच्या घरात लावायच्या फोटोला हा नियम पाळाच, असं मी नव्या मुलांना आग्रहाने सांगतो. मोबाइलच्या पडद्यावर धड दिसणारी मागची ओळ मोठ्या प्रिंटवर हमखास उघडी पडते.

शेवटी एफ ५.६ वर आलो. त्याला आजींपुढे साधारण १ मीटर आणि मागे १.३ मीटर रेखीव मिळतं. तिन्ही ओळी आत, वर थोडी सूट. आणि ६ मीटर मागचं घर? प्रिंटवर त्याचा बिंदू एका मिलिमीटरहून जरासा जास्त पसरतो. कौलांच्या ओळी मोजता येतात, खांब कळतात, पण पडवीतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता येत नाही. मला नेमकं एवढंच हवं होतं. थोरल्यांना ते दाखवलं, त्यांनी मान डोलावली.

मग पसाऱ्याचं काय

निळा ड्रम दोघांनी उचलून मागच्या परड्यात नेला. मोटारसायकल पाणंदीत गेली. दांडीवरचे ओले कपडे काढले. पडवीला झडीसाठी लावलेला निळा प्लास्टिकचा कागद तेवढ्या वेळापुरता गुंडाळून वर बांधला. डिश अँटेना काढता येण्यासारखी नव्हती. मी त्रिपॉड थोडा डावीकडे सरकवला, तशी ती धाकट्यांच्या डोक्यामागे लपली. या कामाला फार वेळ लागला नाही. हाच पसारा कॉम्प्युटरवर पुसत बसलो असतो, तर ड्रममागची भिंत कल्पनेने रंगवावी लागली असती, आणि ज्या घराची आठवण ठेवायची त्याची भिंत माझ्या कल्पनेची झाली असती.

घर मागे ढकलायला ब्लर हा एकच मार्ग नाही. नजर आधी जाते ती उजेडाकडे, मग काळ्या-पांढऱ्याच्या ठळक फरकाकडे, मग भडक रंगाकडे. मागचं थोडं काळोखं आणि फिक्या रंगाचं असेल, तर ते रेखीव असूनही चेहऱ्यांच्या आड येत नाही. आणि कोकणी घराची पडवी मुळातच अंधारी असते. पावसाळ्यात तर जास्तच. उभ्या राहिलेल्या चौघांची डोकी बरोबर त्या अंधारावर येतील अशी मी कॅमेऱ्याची उंची ठेवली; गडग्यापलीकडे पाणंदीत स्टुलावर उभा राहून. चेहरे आपोआप पुढे आले.

पाऊस नुकताच थांबला होता, पागोळ्या अजून गळत होत्या. ढगाळ उजेड मऊ असतो खरा, पण तो डोक्यावरून पडतो आणि डोळ्यांच्या खोबण्या काळ्या होतात. त्यावर घरातल्याच दोन पांढऱ्या चादरी मुलांच्या पुढे, फ्रेमच्या बाहेर, जमिनीवर अंथरल्या. त्यांनी खालून उजेड वर फेकला, आणि दुसरं काम असं केलं की खळ्यातल्या तांबड्या मातीची झाक हनुवटीखाली येऊ दिली नाही. कोकणात उघड्यावर पोर्ट्रेट काढताना रंगाची ही ओढाताण कायमची: खालून चिऱ्याचा आणि मातीचा तांबडा, वरून आंब्या-पोफळींचा हिरवा. त्यामुळे पहिल्या फ्रेममध्ये आजींच्या हातात करडं कार्ड देऊन एक फोटो घेतला, म्हणजे नंतर रंग अंदाजाने लावावे लागत नाहीत. शटर १/२५० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ८००. मुलं आणि बाळ असताना शटर याहून हळू ठेवू नये.

चष्मे दोन होते, आजींचा आणि जावयांचा. काचेत आभाळ दिसत होतं. दांड्या कानावर किंचित वर उचलल्या की काच खाली झुकते आणि चमक जाते. हे एका मिनिटाचं काम एडिटिंगमध्ये तासाभराचं होतं.

डोळे मिटण्यावर एक खरं गणित आहे. ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स या दोघांनी ते मांडलं आणि त्यासाठी त्यांना २००६ चं गणिताचं इग नोबेल मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील आणि उजेड चांगला असेल तर माणसांच्या संख्येला तीनने भागा, उजेड कमी असेल तर दोनने. तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची भरपूर शक्यता असते. ढगाळ उजेड कमी धरला तर आमच्या तेरा जणांना तो हिशेब सातवर जातो. त्यात बाळाची मर्जी धरलेली नाही. मी त्याहून बरेच घेतले, आणि त्रिपॉड हलू दिला नाही, म्हणजे गरज पडली तर एका फ्रेममधला चेहरा दुसऱ्यात बसवता येतो. तशी गरज एकदाच पडली, धाकट्यांच्या लहान मुलासाठी.

सगळं आटोपल्यावर धाकटे आणि त्यांच्या बायकोला पडवीच्या टोकाला नेलं आणि २ मीटरवरून, लेन्सचं तोंड पूर्ण उघडून, दोघांचे वेगळे फोटो काढले. दोघंच असल्याने डोळे एका रेषेत आणणं सोपं होतं. मागे झाडांची वाडी होती. ती हिरव्या रंगात विरघळून गेली. त्यांना जे हवं होतं ते त्यांना मिळालं, आणि तिथे ते शोभूनही दिसलं.

"आईची हनुवटी कुणी पुसली?"

प्रिंट तयार व्हायच्या आतच घोळ झाला. घरच्यांना बघायला म्हणून मी निवडक फोटो हलक्या आकारात पाठवले होते. धाकट्यांनी हौसेने त्यातला एक मोबाइलमधल्या अ‍ॅपला दिला आणि 'सुंदर' करून घरच्या ग्रुपवर टाकला. मागे ब्लर, सगळ्यांची कातडी गुळगुळीत. सुरुवातीला कौतुक झालं. मग ठाण्याहून त्यांच्या बहिणीचा मेसेज आला: "आईची हनुवटी कुणी पुसली?"

आजींच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आहेत आणि दोन भुवयांच्या मधे एक. लहानपणी गोंदवलेले, आता हिरवट करडे झालेले. अ‍ॅपच्या लेखी कातडीवरचा गडद ठिपका म्हणजे डाग. त्याने चारही पुसले. थोरल्या सूनबाईंच्या गालावरचा तीळ गेला. जावयांच्या भुवईवर जुन्या जखमेची खूण आहे, तीही भरून निघाली. आजींच्या कपाळावरच्या आठ्या नाहीशा झाल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा भाव गेला. राहिली ती कुणीतरी बरी दिसणारी अनोळखी म्हातारी.

खोट्या ब्लरच्या खुणाही त्या फोटोत सगळ्या होत्या. त्या ओळखायला शिकणं प्रत्येकाला जमण्यासारखं आहे. सगळ्यात आधी जमिनीकडे बघावं. खऱ्या फोटोत माणसांच्या पायाजवळची जमीन रेखीव असते आणि मागे जाईल तशी हळूहळू मऊ होत जाते. अ‍ॅपने पायामागून एकदम धुकं सुरू केलं होतं. तुळशीवृंदावन खुर्च्यांच्याच रेषेत आहे. आजी रेखीव असतील तर वृंदावनही रेखीवच असायला हवं. ते धूसर होतं. आत्याच्या, म्हणजे ठाण्याच्या मुलीच्या, कमरेवर ठेवलेल्या हाताच्या कोनातून मागचा खांब दिसतो, तेवढाच तुकडा लख्ख राहिला होता. आणि नातसुनेच्या अबोलीच्या वळेसराची (गजऱ्याची) कड कुरतडल्यासारखी झाली होती. केस, फुलं, जाळीदार पदर, चष्म्याची काडी या ठिकाणी सॉफ्टवेअरला माणूस कुठे संपतो ते नीट कळत नाही.

धाकट्यांना मी बोल लावत नाही. त्यांनी ते प्रेमानेच केलं होतं. आणि चेहरा सुधारून द्या ही मागणी काही अ‍ॅपमुळे जन्माला आलेली नाही. १८५५ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल यांनी एकाच चेहऱ्याचे रिटचिंगआधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी शेजारी मांडले होते. पुढे काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने सुरकुत्या भरून काढणं हे स्टुडिओतलं रोजचं काम झालं. पण पेन्सिल धरणारा माणूस समोरच्याला ओळखत असे, निदान बघत तरी असे. कुठली रेघ भरायची आणि कुठली सोडायची हे तो ठरवत असे. अ‍ॅप ठरवत नाही, सरसकट पुसतं. माझा आक्षेप तिथे आहे.

काय काढलं, काय ठेवलं

रिटचिंगसाठी आमच्या धंद्यात एक जुना नियम आहे, आणि मी तो मानतो: पंधरा दिवसांनी जे आपोआप गेलं असतं ते काढा, जे राहिलं असतं ते ठेवा. लग्नाच्या मुलीच्या कपाळावर आलेली पुटकुळी काढली. शाळकरी पोराच्या गालावर डास चावून उठलेली गांधी काढली. साडीवर उडालेला चिखलाचा शिंतोडा काढला. बाळाच्या नाकाखालचं ओलं पुसलं. पडवीवरून तिरपी जाणारी वीजेची एक तार काढली, कारण ती आजींच्या डोक्यातून निघाल्यासारखी दिसत होती. बाकीच्या तारा तशाच ठेवल्या, त्या घराच्या आहेत.

गोंदण, तीळ, जखमेची खूण आणि सुरकुत्या यांना हात लावला नाही. आता, सुरकुत्यांना हात लावला नाही हे अर्धंच खरं आहे, ते नीट सांगतो. वरून पडणाऱ्या उजेडात सुरकुतीची सावली डोळ्याला दिसते त्याहून खोल येते. प्रत्यक्ष आजींशी बोलताना आपण त्यांचे डोळे आणि ओठ बघतो. फोटोत त्या हलत नाहीत, म्हणून रेघाच आधी दिसतात. तेव्हा डोळ्यांखालची सावली डॉज-बर्नने, म्हणजे ठरावीक भागच उजळ किंवा काळोखा करण्याच्या पद्धतीने, थोडी उजळली. रेघ जागेवर, तिची खोली जराशी कमी. कातडीचा पोत तसाच. काम मूळ फोटोवर ठेवलेल्या वेगळ्या थरावर, लेयरवर, केलं, म्हणजे ते कधीही कमी-जास्त करता येतं. लेयर बंद-चालू करून थोरल्या मुलाला आणि आत्याला दाखवलं आणि एकच विचारलं, "आई अशीच दिसते ना?" त्यांनी हो म्हटल्यावर पुढे गेलो.

घराचं रिटचिंग त्याहून कमी. पडवीचा भाग थोडा काळोखा केला, वाडीचा हिरवा किंचित उतरवला. ब्लर अजिबात घातलं नाही.

सगळ्यात नाजूक बोलणं झालं ते रंगावर. थोरल्या वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हिला जरा उजळ करता येईल का? स्थळं बघतोय. हाच फोटो कापून पाठवता येईल." हिला म्हणजे लेकीला. अशी विनंती येते आणि येतच राहते, त्यामुळे फोटोग्राफरने उत्तर आधीच तयार ठेवलेलं बरं.

चेहरा काळोखा दिसणं आणि वर्ण सावळा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली प्रकाशाची चूक असते, ती दुरुस्त करणं माझं कामच. हिरवी झाक करड्या कार्डावरून काढली, मागच्या ओळीवर उजेड थोडा कमी पडला होता तो सगळ्याच ओळीला सारखा वाढवला, आणि मुलीचा चेहरा जसा आहे तसा, तुकतुकीत आणि सावळा, दिसू लागला. त्यापुढे जाऊन एकटीचाच वर्ण बदलला तर काय होतं तेही वहिनींना पडद्यावर करून दाखवलं. चेहरा आणि मान वेगळ्या रंगाची होतात. मान उजळवली तर हात राहतात. हात उजळवले तर शेजारी उभ्या काकांशी आणि पुढे बसलेल्या आजींशी असलेला तिचा सारखेपणा जातो. त्या मुलीचं कपाळ, नाक आणि वर्ण थेट आजींचा आहे, आणि तेरा माणसं एकत्र उभी केल्यावर तो सारखेपणा दिसतो म्हणून तर असा फोटो काढायचा.

मुलगी तिथेच होती. ती आईला म्हणाली, "मला बघायला येतील तेव्हा मी अशीच असणार आहे. हा फोटो असाच ठेव." वहिनी गप्प राहिल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. मला विचाराल तर ज्याचा चेहरा त्याचा शब्द शेवटचा, मग पैसे कुणीही देवो. लहान मुलांच्या बाबतीत मी आणखी कडक आहे. पोराचा दात पडलेला असेल तर तो फोटोत पडलेलाच राहतो.

चौदावा

बोटीवरच्या नातवाचा विषय आजींनीच काढला होता. "तो नाय तर फोटो पुरा कसा होईल?" त्याचा एखादा जुना फोटो कापून बसवा, असं घरात कुणीतरी सुचवलं. त्याला मी नकार दिला. जुन्या फोटोतला उजेड वेगळा, लेन्स वेगळी, कॅमेऱ्याची उंची वेगळी, आणि मोबाइलवर जवळून काढलेल्या चेहऱ्याचं नाक मोठं आणि कान मागे गेलेले असतात. १० मीटरवरून काढलेल्या बारा-तेरा चेहऱ्यांत असा चेहरा घातला की काय खटकतं ते सांगता येत नाही, पण खटकतं.

पण फोटो काढतानाच मी उभ्या ओळीत त्याच्या बायकोच्या डाव्या बाजूला एका माणसाएवढी जागा मोकळी ठेवली होती. तिथे ती एकटी पडल्यासारखी दिसू नये म्हणून तिचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवायला सांगितला. त्रिपॉडच्या तीन पायांखाली पाणंदीत खुणेचे दगड पुरले, कॅमेऱ्याची उंची, लेन्स आणि अ‍ॅपर्चर लिहून ठेवलं. डिसेंबरात तो रजेवर आला. तेव्हा आभाळ निरभ्र, उजेड पार निराळा. संध्याकाळी उन्हं उतरून खळं पूर्ण सावलीत गेल्यावर, पुन्हा चादरी अंथरून, त्याला त्याच जागी उभं केलं. खुर्चीही तीच ठेवली, म्हणजे फोकस त्याच अंतरावर धरता आला. अ‍ॅपर्चर तेच असल्याने त्याच्या चेहऱ्याचा रेखीवपणा शेजारच्यांशी जुळला. जोडलेल्या फोटोत हा जुळावा झाला नाही तर रंग कितीही साधला तरी माणूस चिकटवलेला दिसतो. खळं आता कोरडं होतं, पण तो मागच्या ओळीत असल्याने त्याचे पाय दिसायचा प्रश्न नव्हता.

जोडलेला फोटो चालतो की नाही यावर माझं मत सांगतो. बातमीच्या फोटोत हे अजिबात चालणार नाही. घरच्या फोटोत चालतं, दोन अटींवर. ज्या दिवशी जे जमले तेवढ्यांचा मूळ फोटोही त्याच आकारात, तितक्याच काळजीने तयार करायचा. आणि जोडलेल्यावर तसं लिहायचं. आणखी पन्नास वर्षांनी बाळाची नातवंडं हा फोटो बघतील, तेव्हा त्या गौरीपूजनाला पणजोबा घरी होते असा समज होऊ नये. ते समुद्रावर होते हेही त्या घराचंच सत्य आहे.

प्रिंट आणि भिंत

आधी १२ बाय १८ इंचाचा नमुना काढला आणि तो माजघरातच, तिथल्या दिव्यात, बघितला. मॅट कागदावर फोटो पडद्यापेक्षा काळोखा दिसतो, आणि माजघरात दिवसाही उजेड कमी. म्हणून सगळा फोटो एकसारखा थोडा उजळवला. पडवीतला काळोख मात्र नमुन्यात जास्तच गडद झाला होता, खांब दिसेनासे झाले होते. तो भाग वर आणला. थोरल्यांनी चष्मा लावून खांब मोजले.

मग दोन प्रिंट: तेरा जणांचा आणि चौदा जणांचा. पिगमेंट शाईने, कापसाच्या मॅट कागदावर. कोकणातल्या दमट हवेत फोटो थेट काचेला टेकला की काही वर्षांत काचेला चिकटतो आणि मग काढताना वरचा थर निघून येतो. म्हणून कडेने पुठ्ठ्याचं जाड माउंट घालून काच आणि कागदामध्ये पोकळी ठेवली. मागे फळीवर टिकाऊ शाईच्या पेनाने लेबल लिहिलं: ओळीप्रमाणे डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं आणि नाती, गावाचं नाव, तिथी आणि तारीख. चौदा जणांच्या प्रिंटवर त्याखाली आणखी एक ओळ, कोण कधी काढून जोडला आहे ती. हाच मजकूर फाइलच्या माहितीतही भरला. मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली, काहीही न बदललेली) आणि लेयर असलेली फाइल दोन ड्राइव्हवर दिली, एक गावी आणि एक पुण्याला, दोन्ही घरांत एकाच वेळी पाणी शिरणार नाही म्हणून.

फोटो लावायची जागा थोरल्यांनी पश्चिमेच्या भिंतीवर ठरवली होती. ती बाहेरची भिंत, पावसाळ्यात चिऱ्यातून ओल झिरपते. ती बदलून देवघर आणि माजघर यांच्यामधल्या आतल्या भिंतीवर खिळे ठोकले आणि चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले, म्हणजे मागून हवा खेळती राहील.